हुडीवर बंदी घालण्याआधी

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मराठवाडा म्हटलं की त्याला ऊन, टँकर आणि भेगाळलेली जमीन आठवते. पण २९ डिसेंबर २०१८ला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमान ३ अंश नोंदलं गेलं होतं, आणि त्याआधी १७ जानेवारी २००३ला ते २.८ अंशांपर्यंत उतरलं होतं. अशा दिवसांत झरीहून, दैठण्याहून, पिंगळीहून पहाटेच्या एसटीनं शहरात शिकायला येणारी मुलंमुली पाहावीत. बहुतेकांच्या अंगावर एकच कपडा दिसतो : पोटावर मोठा खिसा आणि मानेमागे टोपी असलेली हुडी. शाळा-कॉलेजांच्या शिस्तीच्या चर्चेत हाच कपडा आता वादाचा झाला आहे.

पुढचा संवाद रचलेला आहे. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. भाची जिल्हा न्यायालयात वकिली करते. संस्थेच्या बैठकीपुढे ‘हुडी घालून आवारात प्रवेश नाही’ असा ठराव यायचा आहे. माणसं आणि संस्था कल्पनेतली असली तरी त्यांच्या तोंडचे मुद्दे कल्पनेतले नाहीत. ते जिल्ह्यातल्या कुठल्याही पालकसभेत निघतात. माझं मत कुणीकडे झुकतं, तेही मी लपवणार नाही.

मामा : ठराव माझ्या सहीनं जाणार आहे. म्हणून आधी तुझं ऐकून घेतो. पण माझं म्हणणं नीट समजून घे माय. मी उभा जन्म वर्गात काढला. शिकवताना मी फळ्याकडं कमी आणि पोरांच्या तोंडाकडं जास्त बघायचो. गणित कुठं अडलं, कुणाला कळलं, कोण घरून उपाशी आलंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, सगळं चेहऱ्यावर दिसतं. आता मागच्या बाकांवर नुसत्या टोप्या. कानात काय घातलंय, डोळे उघडे आहेत का मिटलेत, काही कळत नाही. चेहरा दिसत नसलेल्या पोराला शिकवायचं कसं?

भाची : हे मला मान्य आहे. वर्गात टोपी खाली असावी, कान मोकळे असावेत. पण मग टोपी खाली करायला सांगा ना. अख्खा कपडा काहून काढायला लावता?

मामा : सांगून बघितलं. दर तासाला पाच मिनिटं त्यातच जातात. एक मास्तर टोपी काढायला लावतो, दुसरा दुर्लक्ष करतो, पोरं त्याच फटीतून निसटतात. ‘टोपी खाली’ हा नियम दिवसातून आठ वेळा राबवावा लागतो. ‘हुडी नाही’ हा नियम सकाळी फाटकावर एकदाच.

भाची : त्या फाटकाचीच मला भीती वाटते मामा. महात्मा फुल्यांची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होती. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतिराव शेतकऱ्याच्या वेशात गेले. खांद्यावर घोंगडी, डोक्यावर फाटकं पागोटं. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवलं. आत गेल्यावर ते काय बोलणार आहेत, याच्याशी पहारेकऱ्याला देणंघेणं नव्हतं. त्यानं कपडा बघितला आणि माणूस ठरवून टाकला. तुमच्या ठरावानं तुम्ही शाळेच्या शिपायाला तेच काम देताय.

मामा : फुल्यांची घोंगडी आणि ही हुडी एका तागडीत घालू नको. त्यांनी कुणबी कसा जगतो हे राजपुत्राला दाखवायला ती घोंगडी पांघरली. आपल्या पोरांना काय दाखवायचंय? ही पोरं एम. सी. स्टॅनला बघून हुडी घालायलेत. आणि महापुरुषांचंच काढलंस तर बाबासाहेबांचं बघ. डिसेंबर १९२७ला महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, लुगडं नीट नेसा, इतर बायका नेसतात तसं नेसा, अंगावरचे ते जड गिलटाचे दागिने टाका. स्वतः ते बहुतेकदा सूटबुटात. त्यांनी नीटनेटकेपणाला किंमत दिली. गबाळेपणा म्हणजे स्वातंत्र्य, असं त्यांनी कुठं सांगितलं?

या ठिकाणी मामांची बाजू पोकळ नाही, हे सांगायला हवं. जिल्ह्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथं पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या माणसानं पहिली इस्त्रीची पँट घातली तो दिवस घरादाराला आठवतो. त्या घरातल्या आजोबांना नातवाची ढगळ, बाह्या हातावर आलेली हुडी खुपते, ती केवळ म्हातारपणामुळे खुपत नाही. ज्यासाठी झगडलो ते पोरगं सहज टाकून देतंय, असं त्यांना वाटतं.

भाची : बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं, ती दुसऱ्यांनी लादलेली खूण होती. अमुक जातीच्या बाईनं लुगडं इतकंच खाली नेसावं, अमुक धातूचाच दागिना घालावा. त्यांनी ती खूण पुसायला सांगितली. आपल्या अंगावर काय असावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, हा त्यातला गाभा. आणि एम. सी. स्टॅनचं म्हणाल तर तो पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला पोरगा. फेब्रुवारी २०२३ला ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला. त्याची भाषा मलाही सगळी पटत नाही. पण वस्तीतल्या पोराला टीव्हीवर आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारखा दिसणारा कुणी पहिल्यांदा दिसला, तर ते त्याचा कपडा उचलणारच. राजेश खन्नाचा गुरू कुर्ता तुमच्या पिढीनं घातलाच होता की वो!

मामा : कुर्त्यानं तोंड झाकत नव्हतं.

भाची : बरं. मग ही हुडी आली कुठून ते ऐका. १९३०च्या दशकात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, थंड गोदामांत राबणाऱ्या मजुरांसाठी चॅम्पियन कंपनीनं जाड बनियनला टोपी जोडली. पुढं ती खेळाडूंनी घेतली. सत्तरच्या दशकात ब्राँक्समधल्या काळ्या आणि लॅटिनो पोरांच्या हिप-हॉपमध्ये आली. १९७६च्या ‘रॉकी’ सिनेमात तो गरीब मुष्टियोद्धा हुडी घालूनच पहाटे पळतो. म्हणजे हा मूळचा कामगाराचा कपडा. आणि आपल्याकडं तो पुन्हा कामगाराच्याच अंगावर आलाय. परभणीची पोरं चाकणला, रांजणगावला, वाळूजला रात्रपाळी करतात, गोदामात माल उचलतात, दुचाकीवरून डबे पोचवतात. सणाला गावाकडं येताना ती जी हुडी घालून येतात, ती फॅशन आहेच. पण ती त्यांची पहिल्या पगाराची खरेदीही आहे. धाकटा भाऊ तीच मागतो.

मामा : धाकट्याला भावाचा कपडा मिळतो, भावाची रात्रपाळी दिसत नाही. आणि तू सांगतेस तितकं हे सरळ नाही. गाडी पळवणारा, मंगळसूत्र ओढणारा, एटीएम फोडणारा सीसीटीव्हीत कसा दिसतो? टोपी ओढलेला. बाजारपेठेतल्या दुकानदारांना संध्याकाळी टोपीवाली चार पोरं दिसली की धास्ती वाटते. ती धास्ती खोटी आहे म्हणून सांग.

भाची : धास्ती खरी आहे. पण चोरानं घातली म्हणून कपडा गुन्हेगार होत नाही. चोर रुमालही बांधतात, हेल्मेटही घालतात. आपल्याकडं उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधते. तुम्ही स्वतः जानेवारीत कानटोपी घालून वर मफलर गुंडाळून गांधी पार्कात भाजी आणायला जाता. तुमचं तोंड तरी कुठं दिसतं? पण तुम्हाला बघून कुणी दुकानाचं शटर ओढत नाही. झाकलेल्या तोंडाची भीती असती तर ती सगळ्यांची वाटली असती. भीती वाटते ती ठराविक वयाच्या, ठराविक वस्तीतून आलेल्या पोराची. हुडी हे निमित्त.

इंग्लंडमध्ये हे सगळं होऊन गेलंय. मे २००५मध्ये केंट परगण्यातल्या ब्लूवॉटर नावाच्या मोठ्या बाजारसंकुलानं हुडीवर बंदी घातली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून उभे राहून म्हणाले की ही पोरं टोपी ओढतात ती बऱ्याचदा कुणाला घाबरवायला नाही, तर कुणाच्या नजरेत न येण्यासाठी, स्वतःला वाचवण्यासाठी. आणि कॅमेरून काही समाजवादी नव्हते, हुजूर पक्षाचे होते.

मामा : मग सुटला का त्यांचा प्रश्न?

भाची : नाही सुटला. बंदीनंही नाही सुटला. अमेरिकेत तर याच नजरेनं जीव घेतला. २६ फेब्रुवारी २०१२, फ्लोरिडातलं सॅनफर्ड गाव. ट्रेव्हॉन मार्टिन, काळा पोरगा, वय सतरा. दुकानातून गोळ्या आणि सरबताचा डबा घेऊन परत चालला होता. पाऊस होता म्हणून हुडीची टोपी डोक्यावर घेतलेली. वस्तीवर राखण ठेवणाऱ्या जॉर्ज झिमरमनला तो संशयित वाटला. त्यानं पोलिसांना फोन केला, पाठलाग केला, झटापट झाली आणि त्यानं गोळी घातली. २०१३च्या जुलैत झिमरमन निर्दोष सुटला. त्या खटल्याआधीच न्यूयॉर्कमध्ये शेकडो माणसं हुडी घालून रस्त्यावर आली होती. बॉबी रश नावाच्या खासदारांनी सभागृहात बोलताना कोट काढून हुडीची टोपी डोक्यावर घेतली, तर त्यांना बाहेर नेलं गेलं. खासदाराला सुद्धा!

मामा : वाईट झालं. पण अमेरिकेतलं काळं-गोरं इथं आणू नको. आपलं गाव वेगळं आहे.

भाची : मग आपल्या गावाचंच बोलू. १० डिसेंबर २०२४ला स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, मग धरपकड झाली. वस्त्यांत शिरून मारहाण केल्याचे आरोप झाले. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. गुन्हा नोंदवा हे सांगायला जुलै २०२५ उजाडला, आणि तेही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. या प्रकरणात हुडीचा काही संबंध नाही, हे मीच सांगते. पण ज्या शहरानं तो डिसेंबर बघितलाय, त्या शहरातल्या शाळेनं तरी पोरांना बघताक्षणी संशयित ठरवायची सवय लावू नये. शाळा ही पहिली जागा असावी जिथं आधी नाव विचारलं जातं.

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, असं मी इथं लिहितो, कारण यावर चटकन उत्तर देणारा माणूस मला परभणीत भेटलेला नाही. मामा पुन्हा बोलले तेव्हा त्यांनी आपला सगळ्यात भक्कम मुद्दा काढला, आणि तो शिस्तीचा नव्हता.

मामा : माझं खरं दुखणं तुला सांगतो. गणवेश कशासाठी असतो? डॉक्टरचं पोरगं आणि सालगड्याचं पोरगं एका बाकावर बसलं तर कपड्यावरून कळू नये म्हणून. हुडीनं ते मोडलं. एकाच्या अंगावर अडीच हजारांची, छातीवर परदेशी नाव असलेली. दुसऱ्याच्या अंगावर रस्त्यावरच्या ढिगातली, तेच नाव एक अक्षर चुकवून छापलेलं. पोरं ते चुकलेलं अक्षर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतात. ज्या पोराचं असं होतं, ते दुसऱ्या दिवशी घरी हट्ट धरतं. घरी काय असतं? कापूस.

एका क्विंटल कापसातून रुई निघते चौतीस किलोच्या आसपास. सूत कातताना, कापड विणताना, कापताना होणारी घट धरली तरी अर्धा किलो वजनाच्या पन्नासेक हुड्यांपुरता तो कापूस होतो. २०२५-२६ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. म्हणजे एका हुडीच्या कापसाचे शेतकऱ्याला मिळाले एकशे साठ-बासष्ट. तेही हमीभावानं गेला तर. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा कर. मानवतच्या बाजारात बाप कापूस विकून येतो आणि पोरगं अडीच हजारांची हुडी मागतं. गुलाबी बोंडअळी आलेल्या वर्षी त्या बापानं काय करावं? आणि ढिगातली स्वस्त हुडी बघ, तिच्यात बऱ्याचदा कापूस नावालाच, सगळं पॉलिस्टर. आपल्या विद्यापीठानं देशी कापसाचे वाण काढले, इथं कपाशीवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झालं, आणि आपल्याच पोरांच्या अंगावर पॉलिस्टर. मला हे बघवत नाही.

भाची : हे सगळं खरं आहे. यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. पण बंदी घातली तर काय होईल ते शेवटपर्यंत बघा. अडीच हजारांची हुडी घालणाऱ्याच्या घरी दोन स्वेटर आणि एक जॅकेट आहे. तो उद्या स्वेटर घालून येईल, तेही ब्रँडचं. ढिगातली हुडी घालणाऱ्याकडं गरम कपडा म्हणून तेवढा एकच आहे. तीच तो वर्गात घालतो, तीच शेतात पाणी द्यायला रात्री जाताना घालतो, तीच पांघरून झोपतो. फाटकावर ती काढून घेतली की तो शर्टावर बसणार. समतेसाठी केलेला तुमचा नियम नेमका ज्याच्यासाठी केला त्यालाच थंडीत कुडकुडवणार.

मामा : त्यानं गणवेशाचा स्वेटर आणावा.

भाची : कोणता स्वेटर? सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेश मिळतात, एकाला तीनशे रुपये धरून. बूट-मोजे मिळतात. स्वेटर नाही. नववीपासून तर तेही नाही. २०२४-२५ला ‘एक राज्य, एक गणवेश’ काढला, कापड वरून आलं, शिलाई बचतगटांकडं गेली, कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले आणि आले ते मापात बसेनात. डिसेंबर २०२४ला सरकारनंच तो निर्णय मागं घेतला. त्या सगळ्या गोंधळात सदऱ्याच्या रंगावर, खांद्यावरच्या पट्टीवर चर्चा झाली. थंडीत लेकरांच्या अंगावर काय घालायचं, हे कुणी विचारलं नाही. फेब्रुवारी २०२४ला शिक्षण विभागानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, म्हणजे लहान लेकरांच्या सकाळची काळजी सरकारलाही कळते. मग कपड्याची काहून कळू नये? गंगाखेड, पालम, सोनपेठकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जी लेकरं आजीजवळ गावात राहतात, त्यांना पहाटे उठवून कानाला फडकं बांधून कोण देणार?

मला विचाराल तर या वादातला निर्णायक मुद्दा हाच आहे. गणवेशात गरम कपडा दिलेलाच नाही, तर बाहेरून आणलेला गरम कपडा गणवेशाबाहेरचा ठरवण्याचा अधिकार शाळेला कुठून मिळतो? आपल्या लोकांना डोक्यावरची टोपी नवी नाही. बाळंतविड्यात कुंची असते. पावसात गुराख्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ असते, तीही नसली तर गोणपाटाची. ज्या वयात अंगाला थंडी सगळ्यात कमी कळते आणि लोकांच्या नजरा सगळ्यात जास्त टोचतात, त्या वयाच्या मुलांनी यातलीच टोपी नव्या रूपात घेतली, एवढंच झालंय.

मामा : थंडीचं मी समजू शकतो. पण ही पोरं एप्रिलात, बेचाळीस अंशांतही ती अंगातून काढत नाहीत. त्याला काय म्हणशील? आणि मुलींचं मला जास्त नवल वाटतं. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी डोक्यावरच्या पदराची फिकीर सोडली. मी तिचे अभंग शिकवत आलो. आणि तुम्ही शिकलेल्या मुली पुन्हा डोकं झाकून घ्यायलात.

भाची : मुलींचं मी सांगते, कारण मी त्या एसटीतून आलेली आहे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळं खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटी फुकट आहे. बस फुकट आहे, पण बसमधली गर्दी, धक्के, टक लावून बघणं तेच आहे. ओढणी सारखी सावरावी लागते, पिन लावली तर फाटते. हुडी घातली की तो विषयच संपतो. ढगळ कपडा, दोन्ही हात खिशात, दप्तर पाठीला. पहिल्यांदा मुलीला असा कपडा मिळाला की जो अंगावर आहे हे तिला दिवसभर आठवावं लागत नाही. एप्रिलात घालते त्याचंही कारण तेच. मुलांचंही फार वेगळं नाही. कुणाला तोंडावरचे फोड लपवायचे असतात, कुणाला आपण हडकुळे आहोत याची लाज वाटते. त्या वयात अंग रोज बदलतं आणि घरात त्यावर बोलायला कुणी नसतं.

जनाबाईचं म्हणाल, तर पदर डोक्यावर ठेवायचा का खांद्यावर, हे तिनं स्वतः ठरवलं. नामदेवाच्या घरी राबणाऱ्या बाईनं ते ठरवलं, म्हणून ती आपल्याला अजून आठवते. मुलीनं टोपी वर घेतली काय किंवा खाली टाकली काय, ठरवणारी ती असावी.

मामा : मग उद्या एखादी मुलगी हुडीची टोपी डोक्यावर घेऊन म्हणेल, माझ्या धर्मात डोकं झाकतात. तव्हा काय करायचं? हा विस्तव मला संस्थेच्या आवारात नको.

भाची : हा विस्तव चेंबूरच्या एका कॉलेजनं ओढवून घेतला, त्याचं काय झालं ते ऐका. आचार्य-मराठे कॉलेज. २०२४ला त्यांनी हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बिल्ला, सगळ्यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली. लगेच कॉलेजनं पुढचं पाऊल टाकलं, फाटकी जीन्स, टी-शर्ट, जर्सी यांनाही बंदी. म्हणजे एकदा कपडा मोजायची काठी हातात आली की ती खाली ठेवता येत नाही. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बिल्ला यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. न्यायमूर्तींनी विचारलं, टिळा आणि टिकलीवर बंदी घालणार का? त्याच वेळी वर्गात बुरखा नको, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यातून रेषा दिसते ती अशी : वर्गात चेहरा उघडा असावा, हे शाळा मागू शकते. डोक्यावर काय आहे, यात शिरली की ती अडचणीत येते.

आणि मामा, मार्च २०२४ला सरकारनं शिक्षकांना पोशाख ठरवून दिला, जीन्स नको, टी-शर्ट नको, शर्ट खोचलेला असावा, तेव्हा शिक्षक संघटनांनीच विचारलं होतं, शिकवण्याचा आणि कपड्याचा संबंध काय. जे मास्तरांनी सरकारला विचारलं, तेच पोरं मास्तरांना विचारायलेत.

मामा : पण ‘नीट’च्या परीक्षेला हीच पोरं लांब बाह्यांचा कपडा घालून जात नाहीत. बूट घालत नाहीत, साखळ्या काढतात, झडती देतात. तिथं कुणी स्वातंत्र्य काढत नाही. लातूर-नांदेडला क्लासला असताना हुडीत राहणारं पोरगं परीक्षेच्या दिवशी निमूट अर्ध्या बाहीच्या शर्टात उभं असतं. कॉपीमुक्त परीक्षा हव्या असतील तर एवढं करावंच लागतं.

भाची : बरोबर. तिथं ते का ऐकतात? कारण त्यांना माहीत असतं. तपासणी सोपी व्हावी म्हणून नियम आहे, सगळ्यांना सारखा आहे, आणि परीक्षेपुरता आहे. तुमच्या ठरावात यातलं काय आहे? कारण लिहिलेलं नाही, बारा महिने लागू आहे, आणि लागतो फक्त पोरांना. शिक्षकांच्या खोलीत मफलर चालतो, प्राध्यापकांचं जॅकेट चालतं. तुमच्या ठरावात कारण लिहा, सगळ्यांना सारखा करा, जागा आणि वेळ ठरवा. मीच तो तुम्हाला टाईप करून देते.

मामांनी ठरावाचा कागद पुढे केला. दोघांनी मिळून जे लिहिलं ते असं : वर्गात, परीक्षागृहात आणि कार्यालयात सर्वांचा चेहरा आणि कान मोकळे राहतील, हुडीची टोपी, मफलर, कानटोपी तेवढा वेळ खाली, हे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांनाही लागू. धार्मिक रीतीनं झाकलेल्या डोक्याला चेहरा उघडा असेल तर हात लावायचा नाही. आवारात, मैदानात, रांगेत कुणी काही अंगावर घ्यावं. कुठल्याही मुलाला कपड्यासाठी फाटकावरून परत पाठवायचं नाही, आणि थंडीत गरम कपडा काढायला लावायचा नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं नाही. मामांना हुडी एकाच रंगाची, छातीवर नाव नसलेली हवी होती. भाचीचं म्हणणं, तो पुन्हा बंदीचाच मागचा दरवाजा. मामा म्हणाले, ते चुकलेलं अक्षर वर्गात वाचलं गेलं तेव्हा तू तिथं नव्हतीस, मी होतो. इथं मी मामांच्या बाजूचा आहे. पण ‘एकाच रंगाची’ म्हणणाऱ्या संस्थेनं ती एकाच रंगाची हुडी मुलांना द्यायलाही हवी. विकत आणायला सांगायची असेल, तर ‘एकाच रंगाची’ हा शब्द ठरावातून काढून टाकावा.

आणि ती देणं अशक्य नाही. कापूस इथला आहे. शिवणाऱ्या बाया गावोगावच्या बचतगटांत आहेत. मापं शाळेतच घेतली आणि कापड दिवाळीआधी दिलं, तर गेल्या योजनेत झाली ती फसगत होणार नाही. लागणारा पैसा गणवेशाच्या तीनशे रुपयांत बसणार नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेनं, साखर कारखान्यांनी, जिनिंगवाल्यांनी, मोठ्या शहरांत कमावत्या झालेल्या गावकऱ्यांनी हात सैल करावा लागेल.

सरकारी शाळांच्या गणवेशाचा निर्णय २०२५-२६पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला आहे. समितीत पालक बहुसंख्य असतात. परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक समितीनं दिवाळीच्या सुट्टीआधीच्या बैठकीत एक विषय घ्यावा : आपल्या शाळेतल्या किती लेकरांकडे गरम कपडा नाही? ती यादी पूर्ण होऊन कपडे वाटले जाईपर्यंत हुडीबंदीचा ठराव कुणीही पटलावर आणू नये.